ट्यूनर लावला, एसडब्ल्यूआर १.२ वर आला, तरी १४ मेगाहर्ट्झवर कुणाला ऐकू का जात नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. हौशी रेडिओचा (हॅम) परवाना नुकताच हातात आलाय. गच्चीवर ७ मेगाहर्ट्झसाठी कापलेला डायपोल (मध्यावर केबल जोडलेली तारेची अँटेना) आहे, तिथून खोलीपर्यंत २५ मीटर आरजी-५८ केबल, १०० वॅटचा सेट (बोलायचा-ऐकायचा रेडिओ), हाताने फिरवायचा ट्यूनर आणि दोन सुयांचा मीटर. सातवर गप्पा होतात. चौदावर ट्यूनर फिरवून एसडब्ल्यूआर (किती लाट परत येते त्याचं माप, १ म्हणजे काहीच परत नाही) १.२ वर आणलात, पण तासभर सीक्यू (कुणी आहे का, अशी हाक) देऊनही कुणी उत्तर देत नाही. मीटर चुकीच्या जागी लागलाय का, की नॉब फिरवण्यात काही चुकतंय, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नाही. ट्यूनरने त्याचं काम चोख केलंय. तुमचे बहुतेक वॅट केबल तापवण्यात जातायत, आणि मीटर ट्यूनरच्या अलीकडे बसलेला असल्यामुळे त्याला ते दिसत नाही.

ट्यूनर या नावानेच बराच गोंधळ होतो. तो अँटेनाला ट्यून करत नाही. सेटला समोर ५० ओहम हवे असतात. केबलच्या या टोकाला जे काही ओहम दिसत असतील त्यांचं ट्यूनर ५० मध्ये रूपांतर करतो. सेट खूश होतो, पूर्ण ताकद सोडतो. पण ट्यूनरच्या पलीकडे काहीच बदललेलं नसतं. गच्चीवरच्या तारेला खाली नॉब फिरल्याचा पत्ताही नसतो, आणि केबलमधला एसडब्ल्यूआर आधी होता तेवढाच राहतो.

सातला कापलेला डायपोल चौदावर पूर्ण तरंगलांबीचा होतो. मधोमध, जिथे केबल जोडलीय तिथे, काही हजार ओहम तयार होतात. पन्नासच्या केबलला ते हजार भेटले की एसडब्ल्यूआर साठ किंवा त्याहून वर जातो. परत आलेली लाट ट्यूनरपाशी पुन्हा उलटते आणि वर जाते, परत खाली येते, परत वर. ती सेटमध्ये घुसून सेट जाळते ही समजूत खरी नाही. वाया जाते ती या येरझाऱ्यांत, कारण प्रत्येक फेरीला केबल आपला वाटा कापून घेते. २५ मीटर आरजी-५८ चौदावर एरवी सव्वा-दीड डेसिबल खाते, म्हणजे १०० वॅटमधले साधारण ७० ते ७५ वर पोचतात. एसडब्ल्यूआर साठच्या घरात असेल तर तीच केबल दहा डेसिबलच्या आसपास खाते. तुमच्या तारेपर्यंत जेमतेम दहा वॅट जात असणार. मीटर मात्र खाली बसून १.२ सांगतोय, आणि त्याच्या जागेवरून ते खरंही आहे.

आता मीटरबद्दल सविस्तर, कारण तो समजला की बाकी सगळं आपोआप जागेवर बसतं. आपण वापरतो त्या बहुतेक मीटरांच्या आत फेराइटच्या एका कड्यातून मधली तार गेलेली असते. कडं प्रवाहाचा नमुना घेतं, कपॅसिटरांची जोडी व्होल्टेजचा. दोन्ही नमुने एका बाजूला मिळवले की जाणारी लाट मिळते, दुसऱ्या बाजूला वजा केले की परतणारी. कॉलिन्स रेडिओ कंपनीतल्या वॉरन ब्रुएन यांनी १९५९ साली ही मांडणी लिहून प्रसिद्ध केली आणि हॅम मंडळींनी ती घरोघरी बनवली. मीही बनवली होती, आणि अजून सांगतो की एकदा तरी हाताने बनवावी. दोन डायोड, एक कडं आणि दोन ट्रिमर जुळवताना जे कळतं ते वाचून कळत नाही.

दोन सुयांच्या मीटरात एक सुई जाणारी ताकद दाखवते, दुसरी परतणारी. दोन्ही जिथे एकमेकींना छेदतात तिथून जाणारी वक्र रेष म्हणजे एसडब्ल्यूआर. परतणारी ४ टक्के असेल तर १.५, ११ टक्के असेल तर २, आणि २५ टक्के असेल तर ३. एवढे तीन आकडे पाठ ठेवा. प्रत्यक्षात पुढे गेलेली निव्वळ ताकद हवी असेल तर जाणाऱ्यातून परतणारी वजा करायची. त्यामुळे १०० वॅटच्या सेटवर कधी जाणारी सुई ११० दाखवते म्हणून चकित होऊ नका.

बोलताना सुई तीस-चाळीसवर नाचते, शंभरवर जातच नाही, ही नव्या मंडळींची नेहमीची तक्रार असते. एसएसबीवर (बोलण्याच्या नेहमीच्या पद्धतीत) ते बरोबर आहे. साधा मीटर सरासरी दाखवतो आणि बोलण्यात शब्दांपेक्षा मोकळ्या जागा जास्त असतात. शिखराची ताकद पाहायची असेल तर मीटरला पीईपीचं बटण असावं लागतं. सुई वर चढावी म्हणून माइक गेन वाढवू नका. आवाज फाटतो आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्यांना त्रास होतो.

मीटरमधल्या डायोडचाही एक स्वभाव आहे. थोड्या व्होल्टेजला तो जागाच होत नाही. तुम्ही पुढे कधी हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आखलेला बिटेक्स हा छोटा सेट घरी बनवलात तर हे लक्षात ठेवा. बिटेक्स-४० सात वॅटच्या आसपास देतो. तो ३०० वॅटच्या पट्टीवर मोजलात तर परतणारी सुई हलणारच नाही आणि एसडब्ल्यूआर उत्तम आहे असं वाटेल, पण त्यातला आयआरएफ-५१० हा ताकद देणारा ट्रान्झिस्टर बिचारा तापत राहील. छोट्या सेटला छोटी पट्टी लावा.

जोडणीचा क्रम सेट, मग मीटर, मग ट्यूनर, मग केबल, असाच ठेवा. तुमचा तसाच आहे आणि तो बरोबर आहे. ट्यूनर जुळला की नाही हे सांगणं हेच मीटरचं इथलं काम. केबलमधलं खरं चित्र पाहायचं असेल तेव्हा ट्यूनर बायपासवर टाका (म्हणजे मधून वगळा) आणि पाच वॅटवर क्षणभरच की (प्रक्षेपणाची कळ) दाबून मीटर वाचा.

नॉब फिरवण्याची पद्धत. तुमच्या ट्यूनरमध्ये दोन कपॅसिटर आणि एक कॉइल असणार. आधी काहीही प्रक्षेपित न करता नुसतं ऐका. दोन्ही कपॅसिटर मध्यावर ठेवा आणि कॉइल एकेक टप्पा फिरवा. एका जागी सरसर आवाज एकदम भरून येतो. तिथे थांबा, मग दोन्ही कपॅसिटर हलवून तो आवाज आणखी वाढवा. निम्मं काम कानानेच होतं, आणि त्यात कुणाला त्रासही होत नाही. मग फ्रिक्वेन्सी मोकळी आहे ना हे विचारून, आपला कॉलसाइन (परवान्यावरचं सांकेतिक नाव) देऊन, पाच-दहा वॅटचा सलग कॅरिअर (आवाज नसलेली सपाट लाट) सोडा. सीडब्ल्यू (मोर्स) किंवा एएमवर, एसएसबीवर नाही. परतणारी सुई खाली येईपर्यंत कपॅसिटर हळूहळू फिरवा. कॉइलचा स्विच की दाबलेली असताना कधीही फिरवू नका, त्याचे काँटॅक्ट जळतात. सुई शून्याजवळ आली की मगच ताकद वाढवा.

एक गोष्ट मात्र पुस्तिकांमध्ये क्वचित ठळक लिहिलेली असते. या प्रकारच्या ट्यूनरमध्ये एकाच फ्रिक्वेन्सीला अनेक जागी १.१ मिळू शकतो, आणि त्या सगळ्या जागा सारख्या नसतात. कपॅसिटर जितके जास्त मिटलेले, म्हणजे कपॅसिटन्स जितका जास्त, आणि कॉइल जितकी कमी, तितका ट्यूनरमध्ये होणारा नाश कमी. कॉइल जास्त आणि कपॅसिटर उघडे अशा जागी जुळवलंत तर सुई तेवढीच छान दिसेल, पण कॉइल गरम होईल आणि कपॅसिटरच्या पत्र्यांमध्ये चर्र करून ठिणगी पडेल. दहा मिनिटं बोलल्यावर ट्यूनरच्या झाकणाला हात लावून पाहा. ते कोमट असेल तर तुमची ताकद तिथे राहतेय. चांगली जागा सापडली की तिन्ही नॉबचे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी अर्ध्या मिनिटात काम होतं.

कमी एसडब्ल्यूआरवर विसंबून काय होतं ते मी एका पावसाळ्यात पाहिलंय. घर चिपळूणजवळ, डायपोल दोन माडांच्या मध्ये. तेव्हा मी दोन मीटर तरंगलांबीच्या बँडसाठी एक उभी अँटेनाही लावली होती, तीस मीटर आरजी-५८ वर. मे महिन्यात तिचा एसडब्ल्यूआर १.८ होता. जुलैत तो १.३ वर आला. पावसाने अर्थिंग सुधारलं असावं असं मी मानलं आणि समाधानाने डायरीत नोंद केली. ऑगस्टमध्ये रिपीटर (आपला आवाज पकडून पुढे पुन्हा सोडणारं केंद्र) लागेनासा झाला. मी सेट उघडला, माइक बदलला, महिनाभर सगळीकडे शोधलं. फक्त अँटेनाकडे पाहिलं नाही, कारण मीटर सांगत होता की तिकडे सगळं उत्तम आहे. बँडवरच्या एका ज्येष्ठ काकांनी शेवटी सांगितलं की केबल खाली उतरव, दुसऱ्या टोकाला डमी लोड (अँटेनाऐवजी ताकद जिरवणारा रोध) लाव आणि दोन्ही टोकांना ताकद मोज. या टोकाला २५ वॅट, त्या टोकाला एक वॅटसुद्धा नाही. वरच्या प्लगची टेप मी घाईत गुंडाळली होती. तिथून पाणी मुरलं होतं आणि तांब्याची जाळी चार-पाच मीटरपर्यंत काळी पडली होती. जाणारी लाट केबलमध्येच विरत होती, परतणाऱ्या लाटेचंही तेच होत होतं. मीटरपर्यंत परत काही पोचतच नव्हतं, म्हणून त्याला सगळं छान दिसत होतं.

हे कोरड्या, नव्या केबललाही लागू आहे. तीस मीटर आरजी-५८ दोन मीटर बँडवर सहा डेसिबलच्या जवळपास खाते. तिच्या वरच्या टोकाला अँटेना अजिबात जोडली नाही, नुसती उघडी ठेवली, तरी खाली मीटर पावणेदोनच्या आसपास दाखवेल. अँटेना नाहीच, आणि मीटरला चालतंय! तेव्हापासून मी पावसाआधी कोरड्या दिवशी प्रत्येक बँडचे आकडे, ट्यूनर बायपासवर ठेवून, लिहून ठेवतो. एसडब्ल्यूआर वाढला तर शोध घेतोच. काहीच न करता तो कमी झाला तर आणखी मनापासून शोध घेतो.

तुमच्या गच्चीवर अजून एक तपासणी करा. सेटच्या पत्र्याला हात लावल्यावर सुई हलते का? केबलमध्ये एक-दोन मीटरचा तुकडा वाढवला की एसडब्ल्यूआर बराच बदलतो का? तसं होत असेल तर केबलचं बाहेरचं आवरणच अँटेनासारखं वागतंय. डायपोलच्या मध्यावर, केबल जोडलीय तिथे, फेराइटचा चोक बालन (बाहेरच्या आवरणावरचा प्रवाह अडवणारा) लावा. त्याआधी कुठलाही आकडा गंभीरपणे घेऊ नका.

मग ट्यूनर निरुपयोगी का? मुळीच नाही. आपला बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ. डायपोल ७.०५ ला कापला असेल तर वरच्या टोकाला एसडब्ल्यूआर दोन-अडीचपर्यंत चढतो आणि आजकालचे ट्रान्झिस्टर सेट आपोआप ताकद उतरवतात. तिथे ट्यूनर लावलात की सेट पूर्ण ताकद देतो आणि केबलमधला जादा नाश एक तृतीयांश डेसिबलएवढाच, कानाला कळणारही नाही इतका. तुमचा हाच डायपोल २१ मेगाहर्ट्झवर तीन अर्ध्या तरंगलांबींएवढा होतो, तिथेही मध्यभागी ओहम पुन्हा आवाक्यात येतात आणि ट्यूनर उरलेलं सहज जुळवतो. तुम्ही एकवीसवर प्रयत्न केल्याचं लिहिलं नाही, तो आजच करून पाहा. साठचा एसडब्ल्यूआर एक करून दाखवायचं काम ट्यूनरला दिलं की तो दाखवतो, पण किंमत केबल वसूल करते.

चौदासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे. त्याच मध्यबिंदूला, त्याच केबलवर, तारेची दुसरी जोडी जोडा. लांबीचं गणित सोपं, १४३ भागिले मेगाहर्ट्झ म्हणजे एकूण मीटर. १४.२ ला साधारण १० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला पाच. सुरुवातीला वीस-तीस सेंटिमीटर जादा ठेवा, मग दोन्ही बाजू सारख्या कापत न्या. नवी जोडी जुनीपासून टोकाला निदान हात-दीड हात दूर राहील अशी बांधा, फार जवळ असल्या की दोघी एकमेकींना ओढतात. कापताना ट्यूनर बायपासवरच ठेवा, आणि शेवटी सातचा आकडाही पुन्हा मोजा, तो थोडा सरकलेला असतो.

दुसरा मार्ग म्हणजे केबलच काढून दोन समांतर तारांची शिडी-लाइन थेट खोलीपर्यंत आणायची आणि ट्यूनरला ४:१ बालन लावायचा. तिच्यात नाश इतका कमी असतो की साठचा एसडब्ल्यूआरही ती निमूटपणे वाहते, आणि मग एकाच तारेवर सगळे बँड चालतात. पण ती भिंतीपासून, लोखंडी कठड्यापासून आणि पाण्याच्या टाकीपासून हातभर दूर ठेवावी लागते. सोसायटीच्या गच्चीवर हे जमवणं अवघड, गावाकडच्या घरी सोपं. तुमच्या वर्णनावरून गच्ची सोसायटीची दिसते, म्हणून तारेची दुसरी जोडीच बरी.

जोडी चढवलीत की वरच्या प्लगला आपोआप एकजीव होणारी रबर टेप ताणून गुंडाळा, तिच्यावर साधी टेप, आणि केबल खाली वळवण्याआधी तिला एक झोळ द्या म्हणजे पाणी प्लगकडे न जाता तिथूनच ठिबकेल. मग संध्याकाळी चौदावर बसा. युरोपकडचा रस्ता त्या वेळी बहुतेक उघडा असतो. बायपासवर किती आला, ट्यूनर लावून किती आला, दोन्ही आकडे इथे लिहा. काही अडलं तर आपण पुढे पाहू. ७३ (हॅम मंडळींच्या शुभेच्छा).