वेण्या घालायच्या आधी

प्रिय मुली,

रील पाहून शनिवारी कॉर्नरोज, म्हणजे डोक्याला चिकटून ओळीत घातलेल्या बारीक आफ्रिकी वेण्या, घालायला चाललीस आणि मला विचारतेस, शोभतील का. शोभतील गं, तुला काहीही शोभतं. पण आधी एक ऐक.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये ११६व्या रस्त्याच्या आसपास पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलहून आलेल्या बायकांची वेण्यांची दुकानं आहेत. ऑफिसातल्या एका कृष्णवर्णीय मैत्रिणीबरोबर मी तिथे एकदा अख्खा दिवस काढला. कंगव्याच्या टोकदार शेपटीने भांग पाडायचा, केसांचा बोटभर चौकोन वेगळा काढायचा, त्यात खोटे केस गुंफत पेड घालत जायचं. दुपारी दोनला निम्मं डोकं झालं होतं, तेवढ्यात तिला फोन आला: सोमवारी दुसऱ्या नोकरीची मुलाखत. तिने आरशात पाहिलं आणि मला विचारलं, "पुरं करू, की सोडायला सांगू?"

हा प्रश्न तुला पडणार नाही. तुझ्या वेण्या म्हणजे हौस, ऑफिसात फार तर कौतुक होईल.

तिच्या वेण्या मात्र नोकरीच्या आड येऊ शकतात, आणि हा प्रश्न जुना आहे. १७८६ साली अमेरिकेतल्या लुइझियानाच्या स्पॅनिश गव्हर्नरने गुलाम नसलेल्या कृष्णवर्णीय बायकांनाही डोक्याला फडकं बांधून केस झाकायची सक्ती केली. (त्यांनी ती फडकी अशी झोकात बांधली की तीच फॅशन झाली!) १९८१ मध्ये विमान कंपनीतली एक कृष्णवर्णीय कर्मचारी कॉर्नरोजवरच्या बंदीविरुद्ध न्यूयॉर्कच्या कोर्टात गेली आणि हरली. बो डेरेक या गोऱ्या नटीने सिनेमात तशा वेण्या घातल्यावरच ही कामावर तशी येऊ लागली, हा कंपनीचा मुद्दा निकालपत्रात उतरला. म्हणजे वेण्या हिच्या आज्या-पणज्यांच्या, आणि नाव गोरीचं. केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारं पहिलं राज्य कॅलिफोर्निया, तेही २०१९ मध्ये.

या धाकाने कित्येकींनी वर्षानुवर्षं रसायनं लावून केस सरळ केले. २०२२ मध्ये ३३,४९७ अमेरिकन बायकांचा एक अभ्यास आला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणाऱ्यांना सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा अंदाज ४.०५ टक्के, कधीच न करणाऱ्यांना १.६४ टक्के. वाचून माझ्या पोटात गोळा आला. आजी माझ्या कुरळ्या केसांना "झिपऱ्या आवर" म्हणायची, आणि पहिल्या नोकरीआधी मीही ते सरळ करून घेतले होते. डोळे चुरचुरत होते, तरी खुर्चीतून उठले नाही.

जायचंच असेल तर जा, मी अडवणार नाही. पण तुझे केस गुळगुळीत, वेणी सुटते, म्हणून ती जास्त आवळली जाते. कानशिलं ठणकली तर तिथेच सैल करायला सांग, घरी येऊन गोळी घेऊ नकोस. रोज ओढ बसली की कपाळावरचे केस विरळ होतात आणि मुळं मेली की परत येत नाहीत. महिना-दीड महिन्यात सोडव. कुणी विचारलं तर हे नवीन ट्रेंड आहे असं सांगू नकोस. आणि घालणारीला टिप दे, तिच्या बोटांची सालं निघालेली असतात.

मैत्रिणीने वेण्या पुऱ्या केल्या. सोमवारी त्या सगळ्या मागे घेऊन घट्ट अंबाडा बांधून गेली. नोकरी लागली. पहिले तीन महिने अंबाडा सोडला नाही.

तुझी,
मावशी