पाच फुटांच्या पंखाचं कागदी विमान आणि पंखात घातलेली तार

तुम्ही विचारलंय, पहिल्या महायुद्धातल्या दुहेरी पंखांच्या बॉम्बरचं मोठं कागदी मॉडेल करायचंय, तर कागद किती जाड घ्यावा आणि पंख लोंबू नयेत म्हणून आत लोखंडी तार घातली तर चालेल का.

तार घालू नका. हा प्रश्न वाचून मी दुकानातलं हातातलं काम बाजूला ठेवलं, कारण याच तारेवरून माझं आणि दाजींचं आठ वर्षांपूर्वी वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

माझं परभणीत बाइंडिंगचं दुकान आहे. भाच्याच्या शाळेत प्रदर्शन होतं, त्याला विमान हवं होतं. मी हँडली पेज ओ/४०० हे ब्रिटिश बॉम्बर निवडलं. वरचा पंख १०० फूट, खालचा ७० फूट, रोल्स रॉइसची दोन ईगल इंजिनं. वीसास एक प्रमाण धरलं की वरचा पंख बरोबर पाच फूट होतो, हिशोबाला सोपं. शिवाय हे विमान आपल्याकडे येऊन गेलेलं आहे. १९१८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ऑस्ट्रेलियन वैमानिक रॉस स्मिथ यांनी ते कैरोहून कलकत्त्यापर्यंत आणलं होतं. भाच्याला ही गोष्ट फार आवडली.

दाजी लातूरला असतात, सरकारी खात्यात पुलांची कामं बघतात. अर्धं काम झालेलं असताना ते आमच्याकडे आले, पंख हातात घेतला आणि म्हणाले, "कागद आहे हा, कागदाचं काय खरं? आत बाइंडिंग वायर घाल दुहेरी." वयाचा मान म्हणून मी ऐकलं. तार घातली, पंख जड झाला, आणि आठ दिवसांत दोन्ही टोकं चार चार बोटं खाली आली. ती तार मऊ असते. एकदा वाकली की वाकलेलीच राहते, आणि सोबत कागदालाही वाकवते. दोन महिन्यांचं काम फाडावं लागलं. पंख फाडताना जो आवाज आला तो माझ्या अजून कानात आहे.

दुसऱ्यांदा मी माझ्या मनानं केलं. पंखाचे लांबीतले दोन वासे ३०० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) कार्डाच्या पोकळ चौकोनी नळ्यांचे, आडव्या फासळ्या २५० च्या, वरून १२० चा कागद. दोन पंखांमधले खांब खराट्याच्या हिरांचे, वर कागद गुंडाळून. आणि मग दोरे. दोन खांबांमधल्या प्रत्येक चौकटीत तिरपे, दोन्ही दिशांनी.

लोक या दोऱ्यांना सजावट समजतात आणि शेवटी उरकून टाकतात, किंवा दिसायला गचाळ वाटतात म्हणून लावतच नाहीत. खऱ्या विमानात त्याच तारांवर सगळा भार असतो. खालच्या पंखाच्या मुळापासून वरच्या पंखाच्या बाहेरच्या खांबाकडे जाणारी तार उडताना ताणली जाते, कारण हवा पंखाला वर उचलते. उलट्या दिशेची तार जमिनीवर पंखाचं वजन धरते. तुमचं मॉडेल टेबलावर उभं राहणार, म्हणजे या दुसऱ्या तारेच्या जागचा दोरा तुमचा खरा कामाचा. तो आधी ताणा. ओ/४०० ला वरचा पंख दोन्हीकडे १५-१५ फूट बाहेर निघालेला असतो, त्या टोकांसाठी पंखाच्या वर छोटे खुंट उभारून तिथून दोरा द्यायचा.

ही रचना आली कुठून? पुलातून. ऑक्टेव्ह शनूट हे अमेरिकेतले रेल्वे आणि पुलांचे इंजिनिअर. पुलाची कैची, म्हणजे त्रिकोणांनी भार पेलणारी चौकट, त्यांनी उभ्या खांबांनी आणि तिरप्या तारांनी १८९६ च्या आपल्या ग्लायडरच्या दोन पंखांमध्ये बसवली, आणि राइट बंधूंनी तीच पुढे वापरली. हे मी दाजींना सांगितलं. जन्मभर पूल बघणाऱ्या माणसानं हे एका झटक्यात ओळखायला हवं होतं. ते म्हणाले, "अरे, पुलाला दोरे असतात का?"

म्हणून मी चाचणीसाठी एक वेगळी चौकट केली, तारेविना, फक्त कागद, हीर आणि दोरे. त्या काळी विमानं उलटी करून पंखांवर वाळूच्या पिशव्या ठेवून ताकद तपासत, तसंच केलं. उलटी टांगली आणि पाव पाव किलो ज्वारीच्या पुड्या ठेवत गेलो. आठ पुड्या झाल्या, दोन किलो, टोक जेमतेम बोटभर वाकलं. मग पुड्या काढल्या, तिरपे दोरे कापले आणि पुन्हा ठेवायला लागलो. तिसऱ्या पुडीला चौकट तिरकी होऊन बसली. दाजी समोर होते, ताई होती, भाचा होता. दाजी म्हणाले, "कागद चांगल्या प्रतीचा असेल."

लातूरला नेताना पाच फुटांचा पंख एसटीच्या दारातून जाणार नव्हता. पण मूळ विमानाचे पंखही मागे दुमडायचे, नाहीतर ते हँगरमध्ये मावत नसे. मी मागच्या वाशाला बिजागरी आणि पुढच्याला खिळ ठेवली होती. गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत मांडीवर घेऊन गेलो, आणि एकही दोरा सैल पडला नाही. प्रत्येक चौकट स्वतःला धरून होती.

कागदाच्या जाडीचं वर लिहिलंय, पण जाडीपेक्षा ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा, बघा. कागदाची एक पट्टी एका बाजूनं ओली करा. ती वळून जी सुरळी होते, तिची लांबी ज्या दिशेला असते, तो ग्रेन. वासे, पंखाचं आवरण, सगळ्यांत तो पंखाच्या लांबीकडे हवा. नाकाच्या गोलाईला मी खुलताबादच्या रस्त्यावरच्या कागजीपुऱ्याचा हातकागद वापरला. त्याला ग्रेन जवळपास नसतो, सगळीकडे सारखा वळतो. महाग वाटला तर ड्रॉइंग पेपरही चालेल.

दोरा पॉलिएस्टरचा घ्या, सुती नको, ओल लागली की तो आखडतो. हे मी करतो ते वीसास एक प्रमाणाचं आहे. तुमचं मॉडेल दोन फुटांच्या आत असेल तर नुसत्या कागदी वाशावर पंख राहतो, मग दोरे फक्त दिसण्यासाठी लागतील, हे मान्य. आणि पंखांची जोडणी जून ते सप्टेंबरात करू नका. तोवर इंजिनं, चाकं, बंदुका करून घ्या, आणि दसऱ्यानंतर पंख हातात घ्या.