रविवारी साड्या विकण्यास मनाई : न्यायालयात दाद मिळेल का?

न्यू जर्सीच्या बर्गन काउंटीतील हॅकेनसॅकमध्ये साड्या, तयार कपडे व पूजासाहित्याचे दुकान चालवणाऱ्या एका वाचकांना दिवाळीच्या तोंडावर रविवारी साडी विकल्याबद्दल समन्स आले आहे. "आम्ही हिंदू, ख्रिस्ती लोकांचा रविवार आमच्यावर कायद्याने का लादावा? मंगळवारी दुकान बंद ठेवून रविवारी उघडले तर चालेल का?" असे ते विचारतात.

आपला राग रास्त आहे, परंतु त्याच्या बळावर खटला जिंकता येणार नाही. १९५९ च्या राज्य कायद्यानुसार रविवारी कपडे, फर्निचर, घरगुती उपकरणे आणि बांधकाम साहित्य विकण्यास मनाई आहे. ती लागू करायची की नाही हे काउंटीच्या मतदारांवर सोपवलेले असून आज ती केवळ बर्गनमध्ये उरली आहे. त्याऐवजी दुसरा वार बंद ठेवण्याची सवलत या कायद्यात नाही.

धर्मस्वातंत्र्याचा मुद्दा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच तपासला. मॅकगोवन खटल्यात न्यायालयाने मान्य केले की या कायद्यांचे मूळ धार्मिक आहे, परंतु सर्वांना एकाच दिवशी विश्रांती मिळावी हा त्यांचा आजचा हेतू ऐहिक असल्याचे सांगून ते वैध ठरवले. (आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागताना हा खंडोबाचा वार असल्याचेही सांगितले होते, तिथेही धर्म आणि विश्रांती अशीच एकत्र आली होती.) त्याच वर्षीच्या ब्राउनफेल्ड खटल्यात फिलाडेल्फियातील सनातनी ज्यू व्यापारी, तेही कपडेच विकणारे, म्हणत होते की शनिवार धर्मामुळे आणि रविवार कायद्यामुळे असे आमचे दोन दिवस बुडतात. तेही हरले. आपल्यावर तर कोणताही वार बंद ठेवण्याचे धार्मिक बंधन नाही, त्यामुळे आपली बाजू त्यांच्याहूनही लंगडी आहे. माझ्या मते त्या खटल्यातील न्या. ब्रेनन व न्या. स्ट्युअर्ट यांची भिन्नमतेच अधिक न्याय्य होती, कारण कामगाराला विश्रांती द्यायची तर आठवड्यातून एक सुट्टी सक्तीची करणे पुरेसे असते, ती सर्वांनी एकाच वारी घ्यावी असे नाही. पण भिन्नमताच्या आधारे आपला दंड माफ होणार नाही.

करता येण्याजोगे ते असे. कापूर, उदबत्ती, नारळ, मिठाई या वस्तू मनाईच्या यादीत नाहीत. काउंटीतील मोठी दुकाने रविवारी कपड्यांच्या रांगांना दोरी लावून बाकीची विक्री चालू ठेवतात. आपणही साड्यांचा भाग तसा बंद करून त्याचे बिल होणार नाही याची खात्री करावी. शेजारच्या पॅरामसमध्ये मात्र स्थानिक नियम याहून कडक असल्याने तिथे शाखा काढण्यापूर्वी विचारून घ्यावे. साड्यांचे रविवारचे प्रदर्शन भरवायचेच असेल तर मिडलसेक्स काउंटीत, एडिसन परिसरात सभागृह घ्यावे, कारण बर्गनमधील शाळेच्या सभागृहात मांडलेला आपला स्टॉलही विक्रीच ठरेल. मनाई उठवण्याचा खरा मार्ग सार्वमताचा आहे, पण १९९३ मध्ये बर्गनच्या मतदारांनी ती कायम ठेवली.

समन्सकडे दुर्लक्ष करू नये. पहिल्या गुन्ह्याचा दंड २५० डॉलरपर्यंतच असला तरी पुढील गुन्ह्यांना तो वाढत जातो आणि तिसऱ्यापासून कैदही होऊ शकते. म्हणून दंड भरून मोकळे होण्यापूर्वी, म्हणजेच गुन्हा कबूल करण्यापूर्वी, स्थानिक वकिलाला समन्स व त्या दिवसाची बिले दाखवावीत आणि दिलेल्या तारखेला म्युनिसिपल कोर्टात हजर राहावे.