बीएस्सी अ‍ॅग्री झालंय, घरी शेती आहे. एमएस्सी करावी की थेट एमपीएससीच्या मागे लागावं?

एमपीएससीच करायची असेल तर एमएस्सी करू नका. एमपीएससीच्या कृषी सेवेला पदवी पुरते, बँकेच्या एएफओला (कृषी अधिकारी पदाला) पण पुरते. वसतिगृहात खोली आणि लायब्ररीत खुर्ची मिळते म्हणून पीजीला येणारे मी ढिगाने पाहिलेत. प्रबंध कसाबसा उरकतात आणि गाईडच्या नावाने बोटं मोडतात. विषय विशेषज्ञ म्हणून केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) जायचं असेल, एआरएस (कृषी शास्त्रज्ञ भरतीची परीक्षा) द्यायची असेल, तर मात्र एमएस्सीशिवाय दार उघडत नाही.

पण 'घरी शेती आहे' हे वाचलं आणि राहवलं नाही. आमचं गाव सांगोल्याकडचं, घरी डाळिंब. मी राहुरीच्या कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्रात एमएस्सी करत होतो तेव्हा चुलत्यांनी, म्हणजे अण्णांनी, मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा फुलोरा) धरला होता. पावसात पानांवर तेलकट डाग पडले, फळं तडकायला लागली. दुकानदाराने महागडं बुरशीनाशक दिलं आणि अण्णा ते मारत राहिले. मी डागाळलेली पानं विभागात नेली. डागाच्या कडेचा पातळ काप पाण्याच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर कापातून धुरासारखा लोट बाहेर पडतोय. जिवाणू. म्हणजे तेल्याच, डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग. त्यावर बुरशीनाशक काय करणार, कपाळ? फोन केला तर अण्णा म्हणाले, "तुझे सर कधी चिखलात उतरलेत का?"

पुढच्या खेपेला वडिलांनी मध्यस्थी केली. रोगट फांद्या छाटून जाळल्या, जिवाणूंवरही चालणारं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण मारलं, पाणी तोडून बागेला ताण दिला आणि मृगाऐवजी हस्त बहार (पावसाळा संपतानाचा) धरला. माल स्वच्छ निघाला. अण्णांचं म्हणणं काय, तर "यंदा पाऊस लागला नाही म्हणून." अहो, फळ पावसात सापडू नये म्हणूनच तर बहार बदलला! आजही लग्नाकार्यात ते सांगतात, पोराची दोन वर्षं फुकट गेली.

तुमच्याही घरात असे अण्णा असतीलच. 'शेतीला डिग्री कशाला' म्हणाले की त्यांना एवढंच विचारा: शेतीऔषधाच्या दुकानाच्या परवान्यालासुद्धा आता शेतीची किंवा विज्ञानाची पदवी नाहीतर देसीसारखा (विक्रेत्यांसाठीचा) डिप्लोमा किंवा कोर्स लागतो, मग ज्याच्या पिकावर ते औषध जाणार त्यानेच अडाणी का राहायचं?

विषयाचं म्हणाल तर घरच्या पिकात जे दुखणं आहे तोच घ्या. रोग असेल तर पॅथॉलॉजी, जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी खराब, झाली असेल तर मृदशास्त्र. 'सीट कशाला लवकर मिळते' हे बघून घेऊ नका. गाईडबद्दल सीनियर मुलींना विचारा, त्या खरं सांगतात. मुलं जरा सांभाळून बोलतात.

आणि हो, घरावर कर्ज असेल आणि आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) शिष्यवृत्ती मिळाली नसेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा. आधी नोकरी बघा. माझी फी वडिलांनी भरली होती, त्यामुळे मला बोलायला सोपं जातं.