गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातल्यावर बाळंतपणापर्यंत झोपूनच राहावं लागतं का?

नाही. आणि तुमच्या सासूबाई म्हणतात तसं 'कुशीवरसुद्धा वळायचं नाही' असं तर अजिबातच नाही. हे तुमच्या डॉक्टरांनी नाही, घरच्यांनी सांगितलंय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून एवढं ठाम बोलतेय.

माझं पहिलं बाळ २०व्या आठवड्यात गेलं. कळा नाहीत, काही नाही. दुपारभर ओटीपोटात जड जड वाटत होतं, मग ओलसर लागलं म्हणून रिक्षा करून दवाखान्यात गेले, तर तोंड उघडलेलं. आदल्या रविवारी आम्ही ज्योतिबाला जाऊन आलो होतो. झालं! ह्यांच्या आत्यांनी निकाल देऊन टाकला, "डोंगरावर गेली आन् घालवून बसली." अहो, गाडी पार वरपर्यंत जाते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की तोंड मुळातच कमकुवत आहे, कळांशिवाय उघडतं हीच त्याची खूण. पण आत्यांच्या कानात शिरेल तर शपथ.

दुसऱ्या खेपेला १३व्या आठवड्यात टाका घातला. पाठीत सुई देऊन कमरेखाली बधिर करतात आणि बटव्याची नाडी ओढावी तसा टाका तोंडाभोवती फिरवून आवळतात. दुसऱ्या दिवशी घरी आले, तर कॉटच्या पायथ्याला दोन-दोन विटा! पाय वर, डोकं खाली. शेजारच्या बांधकामावरनं आणवलेल्या, एकीला सिमेंट चिकटलेलं तसंच. चार दिवस तशी झोपले. जेवलेलं घशाशी यायचं. पाचव्या दिवशी डॉक्टरांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "विटा मी कधी लिहून दिल्या?" ह्यांनी मुकाट्यानं विटा काढल्या. आत्या दोन महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

वर ऐकवायच्या, "असली इंग्रजी थेरं आमच्या येळंला न्हवती." आत्यांचा जन्म १९५८चा. डॉ. वि. ना. शिरोडकरांनी हा टाका जगापुढे मांडला १९५५ साली. माणूस मूळचा गोव्याचा, काम मुंबईत. सुरुवातीला ते मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून त्यानं तोंड आवळायचे. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मॅकडोनाल्डनं सोपी पद्धत दिली, आता जास्त करून तीच वापरतात. म्हणजे टाका आत्यांपेक्षा तीन वर्षांनी थोरला. हे त्यांना तोंडावर सांगायचं राहूनच गेलं.

तर तुमचं. पहिले काही दिवस थोडा डाग, थोडी ओढ असते, तेवढा आराम करा. पुढे घरातलं हलकं काम, चालणं चालतं. महिनोन् महिने पडून राहिल्यानं बाळ टिकतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट पायात रक्ताच्या गाठी व्हायची भीती. जड उचलणं आणि नवरा-बायकोचे संबंध, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, लाजू नका. पाणी गेलं, ताप आला, वास येणारं पांढरं जाऊ लागलं किंवा कळा सुरू झाल्या, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. कळांत टाका तसाच राहिला तर तोंड फाटू शकतं.

आणि हो, टाका सगळ्यांनाच लागत नाही. आधी बाळ गेलेलं नसेल आणि फक्त सोनोग्राफीत तोंडाची लांबी २५ मिलिमीटरपेक्षा कमी आली असेल, तर बऱ्याचदा आधी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवायला मदत करणारं हार्मोनच देतात. जुळ्यांचा हिशेबही वेगळा.

माझा टाका ३७व्या आठवड्यात भूल न देता काढला, पाच मिनिटं लागली. ट्रेमध्ये परकराच्या नाडीचा तुकडा पडावा तशी पांढरी पट्टी. नऊ दिवसांनी मुलगी झाली. बारशाला आत्या पाळण्याशी बसून येईल त्या बाईला सांगत होत्या, "विटांनी राखलं बघा."