डी ड्राइव्ह गायब झालाय, आता काय करू?

या अंकासाठी आलेले बरेचसे प्रश्न फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतायत, कॉम्प्युटरला हार्ड डिस्क दिसत नाही. म्हणून यावेळी दुसरं काही घेत नाही. सगळ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगते, ज्या डिस्कमधे तुमच्या डेटाची एकुलती एक कॉपी आहे त्या डिस्कवर डेटा बाहेर येईपर्यंत काहीही लिहिलं जाता कामा नये. फॉरमॅट नाही, इनिशियलाइझ (कोऱ्या डिस्कसारखी नव्याने तयार करणं) नाही, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं साधन) नाही, नवीन सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकणं तर नाहीच. तपासायचं भरपूर आहे, ते सगळं डेटाला हात न लावता तपासता येतं.

प्रश्न: मार्केट यार्डात आमचं हळदीचं अडत दुकान आहे. दुकानातल्या डेस्कटॉपला विंडोज एसएसडीवर (न फिरणाऱ्या, चिपवाल्या डिस्कवर) आहे आणि 1 टीबीची जुनी हार्ड डिस्क डी ड्राइव्ह म्हणून आहे. टॅलीचा डेटा, शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विकलेल्या मालाचे हिशोब) सगळं डी मधे. परवा सकाळी कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू झाला पण डी ड्राइव्हच नाही. मुलगा म्हणतो रिकव्हरीचं सॉफ्टवेअर टाकू, शेजारचे गाळेवाले म्हणतात फॉरमॅट मारा, येईल परत. सौदे चालू आहेत, लवकर सांगा.

काका, दोन्ही नको. फॉरमॅट मारून डिस्क परत येईल, पट्ट्या येणार नाहीत. आणि रिकव्हरी सॉफ्टवेअरला डिस्क कॉम्प्युटरमार्फतच वाचावी लागते, कॉम्प्युटरलाच ती दिसत नसेल तर सॉफ्टवेअर काय वाचणार.

आधी कॉम्प्युटर शटडाउन करा, भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढा आणि मग पॉवर बटण चार-पाच सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेला करंट निघून जाईल. कॅबिनेटच्या मागचे दोन स्क्रू काढले की बाजूचा पत्रा निघतो. आत हात घालायच्या आधी कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला एकदा हात लावा, अंगातली स्टॅटिक वीज तिथे उतरते. हार्ड डिस्कला दोन वायरी लागलेल्या दिसतील, एक अरुंद, 7 पिनांची, ती डेटाची साटा केबल मदरबोर्डला जाते, दुसरी रुंद 15 पिनांची, ती एसएमपीएसकडून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवरच्या डब्याकडून, पॉवर आणते. दोन्ही सरळ ओढून काढा, वाकडंतिकडं हलवत नाही, आतली प्लॅस्टिकची जीभ तुटते आणि ती तुटली की मग खरंच खर्चाचं काम आहे.

आता यार्डातल्या दुकानांचं एक वेगळं असतं म्हणून मुद्दाम लिहिते. सौद्याच्या दिवसांत हळदीची बारीक पूड हवेत असते, फॅन ती आत ओढतो, आणि पत्रा काढला की हीटसिंकपासून रॅमपर्यंत सगळ्यावर पिवळा थर दिसतो, बोट फिरवलं की बोटाला लागतो. हीच पूड मदरबोर्डवरच्या मोकळ्या साटा पोर्टमधे जाऊन बसते. पावसाळ्यात तिने दमट हवा धरली की चिकटून बसते, पिना नीट टेकत नाहीत आणि डिस्क कधी दिसते कधी नाही असं सुरू होतं. कोरड्या मऊ ब्रशने पोर्ट झाडा. ब्लोअर वापरणार असाल तर फॅन बोटाने धरून ठेवा, हवेने गरागरा फिरू देऊ नका. ओलं फडकं अजिबात नको.

साफ झालं की डेटा केबल नवीन घाला, जुनीच परत नको. ही केबल अगदी स्वस्तातली गोष्ट आहे आणि डिस्क गायब व्हायच्या कारणांत ती फार वर आहे, विशेषतः क्लिप नसलेल्या जुन्या केबली नुसत्या कंपनाने सैल होतात. मदरबोर्डवरचा पोर्टही बदला, आणि एसएमपीएसच्या दुसऱ्या वायरीवरचा पॉवर कनेक्टर लावा. या तीन बदलांत बऱ्याच डिस्का परत येतात.

मग कॉम्प्युटर चालू करा आणि डिस्कच्या बाजूला तळहात ठेवा, कान जवळ न्या. डिस्क फिरतीय का ते हाताला कळतं, बारीक थरथर लागते आणि चढत जाणारा घुं आवाज येतो. फिरतीय आणि बाकी शांत आहे, तर आशा चांगली आहे. अजिबात फिरत नसेल तर पॉवर पोचत नाही किंवा डिस्कखालचं हिरवं सर्किट गेलंय. डिस्क लावली की अख्खा कॉम्प्युटरच चालू होत नाही आणि काढली की होतो असं झालं तर बहुतेक त्या सर्किटवरचं संरक्षणाचं डायोड शॉर्ट झालंय, व्होल्टेज वाढलं की ते आधी स्वतःला जाळून घेतं. ते सोल्डरिंगवाल्या जाणकाराचं काम आहे, डेटा आत शाबूत असू शकतो. आणि टक-टक-टक असा एका लयीत आवाज येत असेल तर त्या क्षणी बंद करा आणि परत चालू करू नका. हेडला, म्हणजे आतल्या फिरत्या तबकडीवरून डेटा वाचणाऱ्या टोकाला, आपली जागा सापडत नाहीये, प्रत्येक वेळी चालू केलं की तबकडीवर ओरखडा पडायची शक्यता वाढते.

आवाज ठीक असेल तर बायोसमधे, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमधे, बघा. चालू होताना डिलीट किंवा एफ 2 दाबत राहायचं, एचपीच्या मशीनला एफ 10. तिथे स्टोरेज किंवा साटा असं पान असतं, त्यात डिस्कचा मॉडेल नंबर दिसायला पाहिजे, सीगेट असेल तर एसटी ने सुरू होणारा, वेस्टर्न डिजिटल असेल तर डब्ल्यूडीसी ने. दिसत नसेल तर तो पोर्ट डिसेबल तर नाही ना ते बघा, नाहीतर डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. दिसत असेल तर प्रश्न फक्त विंडोजचा आहे, निम्मी काळजी तिथेच संपली.

विंडोजमधे स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. उघडताच इनिशियलाइझ डिस्क अशी खिडकी आली तर कॅन्सल. फॉरमॅट करायचं का असं विचारलं तरी कॅन्सल, काकांनीच काय कुणीही घाईत ओके दाबू नका, घोळ बहुतेक इथेच होतो. डिस्क ऑफलाइन दिसत असेल तर राइट क्लिक करून ऑनलाइन करा. पार्टिशन (डिस्कवरचा वापरायचा भाग) निळ्या पट्टीत हेल्दी दिसतंय पण अक्षर नाहीये तर चेंज ड्राइव्ह लेटर मधून अक्षर द्या, आणि डी च द्या, ई किंवा एफ दिलं तर टॅलीला तिचा डेटा जुन्या जागी सापडणार नाही. पार्टिशनवर रॉ असं लिहिलंय किंवा काळी पट्टी अनअलोकेटेड दाखवतीय तर तिथेच थांबा, आता रिकव्हरी सॉफ्टवेअरची वेळ आली, पण ते सी वर टाकायचं, सापडलेल्या फाइली तिसऱ्याच डिस्कवर घ्यायच्या, आणि शक्य असेल तर आधी डिस्कचा पूर्ण क्लोन (हुबेहूब कॉपी) काढून काम क्लोनवर करायचं.

डी परत आला की पहिल्यांदा टॅलीचं फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करा, चहा नंतर. मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते चालवा. त्यातल्या यादीत सी7 या ओळीचा आकडा मोठा असेल तर दोष केबलचा होता. तो आकडा कधी कमी होत नाही, त्यामुळे नवीन केबल घातल्यावर तो वाढायचा थांबला का एवढंच बघायचं. पण 05 किंवा सी5 च्या ओळीत शून्याशिवाय काही असेल तर डिस्कचे सेक्टर (डेटा लिहायच्या जागा) जातायत, तिच्यावर पट्ट्या ठेवू नका, नवीन घ्या.

प्रश्न: विश्रामबागला राहते, इंजिनिअरिंगला आहे. मदरबोर्डवर नवीन एनव्हीएमई (वेगवान प्रकारची) एसएसडी लावली, ती मस्त चालतीय पण जुनी हार्ड डिस्क दिसेनाशी झाली. दोन्ही एकत्र चालत नाहीत का?

चालतात गं. बऱ्याच मदरबोर्डांवर एम.2 स्लॉट (तुझी एसएसडी बसलीय ती खाच) आणि एक-दोन साटा पोर्ट एकाच लाइनवर असतात, स्लॉट भरला की ते पोर्ट आपोआप बंद होतात. मदरबोर्डच्या मॅन्युअलमधे तक्ता दिलेला असतो कुठला पोर्ट जातो त्याचा. हार्ड डिस्कची केबल दुसऱ्या पोर्टला लाव, बहुतेक लगेच दिसेल. आणि मैत्रिणींसाठी घेताना लक्षात ठेव, एम.2 आकाराची प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई नसते, काही साटाच असतात, आणि फक्त एनव्हीएमई घेणाऱ्या स्लॉटमधे साटावाली बसते पण दिसत नाही.

प्रश्न: मिरजेत आमचा छोटा स्टुडिओ आहे, दर्ग्याच्या उरुसातल्या संगीत सभेचं आणि लग्नाचं रेकॉर्डिंग करतो. साठवायला नवीन 4 टीबीची डिस्क आणली, बायोसमधे दिसते पण धिस पीसी मधे नाही. दुकानदार बदलून देईना.

दादा, डिस्क खराब नाहीये. नवी कोरी डिस्क तशीच येते, तिच्यावर पार्टिशनच नसतं. वर अडतवाल्या काकांना जे करू नका म्हटलं तेच तुम्ही करायचंय, कारण तुमच्या डिस्कवर काही नाही. फक्त मॉडेल नंबर आणि साइझ नीट बघून खात्री करा की हीच ती नवीन डिस्क, रेकॉर्डिंगवाली जुनी नाही. डिस्क मॅनेजमेंटमधे इनिशियलाइझ करताना पार्टिशनच्या दोन पद्धती दिसतील, त्यातली जीपीटी निवडा, एमबीआर घेतलंत तर 2 टीबीच्या पुढची जागा वापरता येणार नाही. मग न्यू सिंपल व्हॉल्यूम, एनटीएफएस, झालं. विंडोज 3.63 टीबी दाखवेल, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका, कंपनी 1000 ने मोजते आणि विंडोज 1024 ने.

याच्याजवळचं एक, कारण स्टुडिओवाले हे हमखास करतात. स्वस्त पडतं म्हणून मोठी एक्स्टर्नल डिस्क घेतात आणि डबा फोडून आतली डिस्क डेस्कटॉपला लावतात. अशा काही डिस्का फिरतच नाहीत. पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनेवर 3.3 व्होल्ट आले की बंद राहायचं अशी सोय त्यांच्यात असते आणि जुन्या एसएमपीएसमधून तिथे 3.3 व्होल्ट कायम येत असतात. डिस्क चांगली असते. तेवढी पिन कॅप्टॉन टेपने (वीज जाऊ न देणाऱ्या चिकटपट्टीने) झाकली की फिरते, पण फोडलेल्या डब्याची वॉरंटी गेली ती गेलीच.

प्रश्न: आम्ही सांगलीवाडीचे. 2019 च्या महापुरात घर बुडालं, त्यात कॉम्प्युटरही. त्यातली हार्ड डिस्क काढून धुऊन पुसून ठेवली होती, वडिलांचे शेवटच्या वर्षातले फोटो फक्त त्यात आहेत. आता यूएसबीला जोडायची वायर मिळते असं कळलं. जोडून बघू का?

ताई, जोडू नका. डिस्क बाहेरून कोरडी दिसते पण बहुतेक डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, पाणी तिथून आत जातं. हेड तबकडीच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, कृष्णेच्या गाळाचा साध्या डोळ्याला न दिसणारा कणसुद्धा त्या फटीपेक्षा कितीतरी मोठा. डिस्क मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे फिरते, एकदा चालू केली की तो कण हेडखाली घासत जाईल आणि फोटो ज्या थरावर आहेत तोच थर खरवडला जाईल. आजवर ती चालू केलेली नाही ही चांगली गोष्ट आहे, खरंच.

हे क्लीनरूम (धूळ येऊ न देणारी खोली) असलेल्या डेटा रिकव्हरी लॅबचं काम आहे. तिथे डिस्क उघडून तबकड्या स्वच्छ करतात, लागलं तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवतात. खर्च मोठा असतो, खोटं सांगणार नाही, म्हणून आधी फोनवर विचारा, तपासणीचे पैसे किती, डेटा निघाला नाही तर काय घेता, आणि फाइलींची यादी दाखवून मग पैसे घेता का, सगळं लेखी मागा. कुणी म्हणालं इथेच टेबलावर उघडून बघतो, तर डिस्क घेऊन परत या. नुसतं सर्किट बदलून देतो म्हणणाऱ्यालाही देऊ नका, प्रत्येक डिस्कची स्वतःची माहिती त्या सर्किटवरच्या एका चिपमधे असते, ती चिप हलवल्याशिवाय दुसरं सर्किट चालत नाही. तोपर्यंत डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, भोवती बबल रॅप गुंडाळून, कपाटात वरच्या खणात ठेवा. आणि नातेवाइकांना त्या वर्षातले जुने व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल शोधायला सांगा, लग्नाकार्यातले फोटो कुणाकडे तरी पडलेले असतात.

नदीकाठच्या बाकीच्यांसाठी, आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीकडे चढायला लागलं की कॉम्प्युटर वर न्या, अख्खा जमत नसेल तर डिस्क तरी काढून बरोबर घ्या. आणि भिजलीच तर उन्हात वाळवू नका, तांदळात पुरू नका. गाळ वाळून तबकडीला चिकटण्याआधी ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून लॅबला पाठवा.

प्रश्न: पलूसला झेरॉक्सचं दुकान आहे. सकाळी चालू केलं की एफ 1 दाबा असं येतं, तारीख कुठल्यातरी जुन्या वर्षाची दाखवतो आणि कधीकधी बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणतो. दुपारी बरोबर चालतं.

डिस्कला दोष देऊ नका, मदरबोर्डवरचा सेल संपलाय. साधारण रुपयाच्या नाण्याएवढा तो चपटा सेल, नंबर सीआर2032, 3 व्होल्टचा, घड्याळवाल्याकडे पण मिळतो. रात्री तुम्ही भिंतीवरचं बटण बंद करता तेव्हा बायोसची सेटिंग त्या सेलवर टिकतात, सेल मेला की सगळं मूळपदावर जातं. सेल बदलायच्या आधी, दुपारी व्यवस्थित चालू असताना, बायोसमधे जाऊन साटा मोड आणि बूट ऑर्डरच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा. सेल घातल्यावर तारीख लावा आणि साटा मोड फोटोत होता तोच ठेवा, बहुतेक एएचसीआय असेल. तो बदलला तर डिस्क बायोसमधे दिसत असूनही विंडोज निळा स्क्रीन देऊन थांबतो आणि लोक विनाकारण विंडोज नवीन टाकत बसतात.