दशैंच्या तोंडावर येऊ नका

तुम्ही लिहिलंय की यजमानांची नोकरी काठमांडूशेजारच्या ललितपूरला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतेय, बरोबर सासूबाई आणि आठ वर्षांचा मुलगा आहे. वर्षभरात नेपाळमध्ये कोणते सण असतात, सुट्ट्या कशा पडतात आणि आपले सण तिथे करता येतील का, असं विचारलंय. मी अकरा वर्षं ललितपूरच्या जुन्या भागात, म्हणजे पाटणमध्ये, राहतेय. जमेल तेवढं सविस्तर सांगते.

आधी तुम्ही न विचारलेली गोष्ट. शक्य असेल तर सप्टेंबरच्या सुरुवातीला या, नाहीतर थेट भाऊबीज झाल्यावर. ऑक्टोबरचा पहिला आठवडा बहुतेक वेळा नवरात्रात किंवा त्याच्या आगेमागे येतो, आणि नवरात्र म्हणजे इथला दशैं. आम्ही घटस्थापनेनंतर चौथ्या दिवशी सामान घेऊन उतरलो होतो. स्वयंपाकघरातला नळ गळत होता, तो पंधरा दिवस गळत राहिला, कारण प्लंबर गावी, सुतार गावी, कोपऱ्यावरचा किराणावालाही गावी. काठमांडू अक्षरशः रिकामं होतं. सप्तमीच्या फुलपातीपासून सरकारी कचेऱ्या बंद होतात आणि लांबच्या बसची तिकिटं त्याच्या कितीतरी आधी संपलेली असतात. नव्या माणसाला त्या रिकाम्या शहरात फार एकटं वाटतं. मी पहिल्या अष्टमीला गच्चीवर उभी राहून रडले होते.

दुसरं म्हणजे आल्या आल्या पात्रो घ्या, कागदी किंवा मोबाइलवरचा. पात्रो म्हणजे इथलं पंचांग-कॅलेंडर. सरकारी कारभार, पगार, शाळा, भाडं, सगळं विक्रम संवतावर चालतं. वर्ष एप्रिलच्या मध्याला 1 वैशाखाला सुरू होतं आणि आकडा इसवी सनापेक्षा 56-57नं पुढे असतो. महिने सौर आहेत, त्यामुळे असोजची (इथल्या अश्विनाची) 1 तारीख म्हणजे आपली अश्विन प्रतिपदा नव्हे. सण मात्र तिथीप्रमाणेच येतात, म्हणून दोन्ही हिशेब डोक्यात ठेवावे लागतात. सुट्टी शनिवारी. शाळेचं वर्ष वैशाखात सुरू होतं, मुलाच्या प्रवेशाचं बोलताना हे लक्षात असू द्या.

आता दशैं. आपण घट बसवतो तसेच इथेही बसतात. अंधाऱ्या खोलीत वाळूमातीत जव पेरतात आणि ऊन लागू देत नाहीत, त्यामुळे अंकुर पिवळेधमक येतात. त्याला जमरा म्हणतात. आपल्याकडे खेड्यात दसऱ्याला घटातले तुरे टोपीत खोवतात ना, तसाच जमरा इथे डोक्यावर किंवा कानामागे ठेवतात. सोनं लुटणं नाही, आपट्याची पानं नाहीत. दशमीला घरातलं सगळ्यात मोठं माणूस दही, तांदूळ आणि लाल अबीर कालवून लहानांच्या कपाळावर भरगच्च टीका लावतं आणि आशीर्वाद देतं. बायका-मुलींना टीका लावताना ‘जयन्ती मङ्गला काली’ म्हणतात. सप्तशतीच्या पाठामुळे तुमच्या सासूबाईंना ते पाठच असेल. काही जनजातींत टीका पांढरा असतो. टीका लावून घ्यायला माणसं दूरदूरच्या थोरल्यांकडे जात राहतात, पार कोजागिरीपर्यंत. दशैंचा गाभा एवढाच आहे: आपल्यापेक्षा मोठ्याच्या हाताखाली डोकं वाकवायला घरी जायचं. शहर रिकामं का होतं ते मला दुसऱ्या वर्षी कळलं, घरबेटी आमांनी (घरमालकिणीला इथे असंच म्हणतात) खाली बोलावून मला टीका लावला तेव्हा.

एक गोष्ट मुलाला आणि सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. अष्टमी-नवमीला बोकड कापतात, घराच्या अंगणातही कापतात, आणि नवमीला गाड्यांची, हत्यारांची पूजाही अनेक जण बळी देऊन करतात. आम्ही मांस खात नाही, हे पहिल्याच आमंत्रणात सांगितलं की कोणाला राग येत नाही. पण नाक मुरडू नका. ज्या घरात वर्षभर मटण जपून खाल्लं जातं, तिथे खसी, म्हणजे तो बोकड, हा घरचा मान असतो. मुलाचं लक्ष पतंगांकडे आणि गावोगावच्या उंच बांबूच्या झोक्यांकडे वळवा.

तिहार म्हणजे आपली दिवाळी, तरी वेगळी. पहिल्या दिवशी कावळ्याला, दुसऱ्या दिवशी कुत्र्याला पुजतात. रस्त्यावरची बेवारशी कुत्रीसुद्धा गळ्यात झेंडूची माळ आणि कपाळावर टीका लावून फिरताना पाहिली की मन भरून येतं. मग गाय आणि लक्ष्मी. पाडव्याच्या दिवशी नेवार, म्हणजे काठमांडू खोऱ्यातले मूळचे लोक, म्ह पूजा करतात. जमिनीवर घरातल्या प्रत्येकासाठी एक मंडल काढून स्वतःच्या देहाचीच पूजा करायची. त्याच दिवशी त्यांचं नेपाळ संवत बदलतं, जे 879 साली सुरू झालं. आपल्या भाऊबीजेच्या दिवशी भाईटीका. बहीण भावाला सात रंगांचा टीका लावते, न कोमेजणाऱ्या मखमली फुलांची माळ घालते आणि उंबऱ्यावर अक्रोड फोडते. भाऊ नसलेल्यांसाठी त्या दिवशी काठमांडूतली एरवी बंद असलेली राणीपोखरी उघडते. आठवड्याभरात तिथेच मधेसी, म्हणजे दक्षिणेच्या सपाट भागातल्या, लोकांची छठही होते.

गाईजात्रेबद्दल जरा जास्त सांगणार आहे. ती नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी येते. त्या वर्षात ज्यांच्या घरी माणूस गेलं, ते गाय किंवा गाईचं सोंग घेतलेलं लहान मूल घेऊन गावातून फिरतात आणि रस्त्याकडेचे लोक त्यांना फळं, दूध, खाऊ देतात. सांगतात की 17व्या शतकात प्रताप मल्ल राजाचा मुलगा गेला आणि राणी शोकातून बाहेर येईना, म्हणून त्यानं प्रजेला सांगितलं, तुमच्याही घरात कोण गेलं ते तिला दाखवा. माझे वडील गेले त्या वर्षी मी काठमांडूतल्या बसंतपूरच्या चौकात उभी होते. कागदी शिंगं, मिशा काढलेली मुलं समोरून जात होती, एकामागून एक. प्रत्येक मुलामागे एक गेलेलं माणूस. मी न ठरवता केळी विकत घेतली आणि वाटत सुटले. पुढच्या दिवशी पाटणमध्ये मतया असते. गेलेल्यांच्या नावानं दिवे घेऊन माणसं पाटणच्या चौकाचौकांतल्या चैत्यांना जातात. त्या दशैंत आमांनी मला टीका लावला नाही. इथे बरखी, म्हणजे वर्षभराचं सुतक, पाळतात. पण जेवायला शेजारी बसवलं आणि बाबांबद्दल विचारत राहिल्या.

पाटणमध्ये राहणार म्हणजे रातो मच्छिंद्रनाथाची जात्रा तुमच्या दारावरून जाईल. नवनाथांतले मच्छिंद्रनाथ म्हणजे आपल्याला घरचे, पण इथे ते पावसाचे देव. हिंदू आणि बौद्ध दोघेही त्यांना पुजतात, बौद्ध त्यांना करुणामय म्हणतात. कथा अशी, की गोरखनाथ नऊ नागांवर आसन घालून बसले आणि पाऊस बंद झाला. गुरू आले तर शिष्य उठेल, म्हणून नरेंद्रदेव राजाच्या काळात मच्छिंद्रनाथांना कामरूपहून आणलं. लाकूड आणि वेताचा सुमारे 60 फुटी रथ वैशाखापासून पुल्चोकहून ओढत जावलाखेलला नेतात. तो डुलतो, झुकतो, मुलाला गर्दीत मागेच धरा. शेवटी देवाचा भोटो म्हणजे बंडी जमलेल्या लोकांना दाखवतात, त्या दिवशी खोऱ्यात सुट्टी असते. दर बारा वर्षांनी हा रथ बुंगमती गावाहून ओढतात. 2015 साली तसं वर्ष होतं आणि मध्येच भूकंप झाला. पुढची पाळी 2027ची.

तुम्ही सप्टेंबरात आलात तर इंद्रजात्रा मिळेल: बसंतपूरला लिंगो, म्हणजे उंच लाकडी खांब, उभा राहतो, कुमारीचा, म्हणजे जिवंत देवी मानलेल्या मुलीचा, रथ निघतो. हिवाळ्यात तीन वेगवेगळे ल्होसार, म्हणजे नववर्षं (गुरुंग, तामांग, शेर्पा लोकांची), शिवरात्रीला पशुपतिनाथापाशी साधूंची गर्दी, वैशाख पौर्णिमेला स्वयंभूच्या स्तूपावर बुद्धजयंती. राष्ट्रीय दिवसांत 15 जेठचा गणतंत्र दिवस (2008 साली राजेशाही गेली) आणि 3 असोजचा संविधान दिवस (2015) मुख्य. सुट्टी असते, घरात फारसं काही होत नाही. मधेसातल्या अनेकांचा त्या संविधानावर रोष आहे, तेव्हा ऑफिसात त्यावर सल्ले देऊ नका.

आपले सण? हरितालिका इथे तीज म्हणून आपल्याच तिथीला असते. आदल्या रात्री बायका एकत्र ‘दर’ खातात आणि दुसऱ्या दिवशी लाल साड्या नेसून उपास करतात, नाचतात. ऋषिपंचमीही तीच. गणपतीला सार्वजनिक सुट्टी नाही, पण नेवार त्या रात्री आपल्यासारखंच चंद्र पाहत नाहीत. सांगलीकडचे गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, इथेही आहेत आणि त्यांचा गणपती बसतो, तिथे जा. मूर्ती पाटणच्या कारागिरांकडून धातूची घ्या, आयुष्यभर पुरेल. मोदकाची हौस मार्गशीर्ष पौर्णिमेच्या योमरीवर भागते: तांदळाची उकड, आत चाकू, म्हणजे इथला घट्ट गूळ. संक्रांतीला तिळाचे लाडू, तूप आणि कंद असतात. गुढी घरच्या घरी उभारा, सुट्टी आदल्या दिवशीच्या घोडेजात्रेला असते. रंग मात्र डोंगराळ भागात पौर्णिमेलाच खेळतात, आपल्यासारखे दुसऱ्या दिवशी नाही. आमच्या मुलानं पहिल्या वर्षी शाळेचा गणवेश घालून बाहेर पाऊल टाकलं आणि भिजून परत आला.

सासूबाईंना दशैंसाठी नव्या कोऱ्या पाच-दहाच्या नेपाळी नोटांचं एक बंडल आधीच आणून द्या. टीका लावणाऱ्यानं लहानांना दक्षिणा द्यायची असते, आणि घरात तुमच्याकडे त्याच सगळ्यात मोठ्या. शेजारची मुलं त्यांच्यापुढे डोकं वाकवायला येतील.